‘आझाद व्हिसा’ आणि स्वतंत्र धंद्याचा परवाना : फरक ओळखा, मगच पैसे मोजा

गेल्या हंगामात आमच्या पेढीवर एक तरुण कारागीर आला. हातावरचे भरतकाम आणि जरीकाम करणारा, हात साफ, कामाला पक्का. त्याला एक लाख रुपये उसने हवे होते. सौदी अरबचा ‘आझाद व्हिसा’ मिळतो आहे, आईचे दागिने गहाण ठेवून बयाणा दिला आहे, उरलेली रक्कम आठवड्याच्या आत द्यायची आहे, असे त्याने सांगितले. “चाचा, तिथे कफील फक्त नावाचा. काम माझ्या मर्जीचे, कमाई माझी,” तो म्हणाला.

मी कागद मागितला. मजकूर अरबीत होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे लिपी वाचता येते आणि बरेच शब्दही ओळखीचे निघतात. ‘अल-मेहना’, म्हणजे पेशा, या रकान्यात ‘साइक खास’ असे लिहिले होते. साइक म्हणजे ड्रायव्हर, खास म्हणजे खाजगी. एका घराचा खाजगी ड्रायव्हर म्हणून हा मुलगा चालला होता आणि त्याला मोटारसायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

ही गोष्ट एकट्याची नाही. मालेगाव, भिवंडी, मुंबई आणि कोकणातल्या गावांतून आखातात जाणाऱ्या कारागिरांच्या तोंडी ‘आझाद व्हिसा’ हा शब्द कित्येक वर्षांपासून आहे. दुसरीकडे, काही देशांत आता स्वतंत्रपणे काम करण्याचा खरा परवाना मिळू लागला आहे. नावे सारखी वाटतात म्हणून दलाल एकाच्या नावावर दुसरे विकतात. म्हणून या लेखात दोन्हींचा फरक, खऱ्या परवान्याच्या अटी आणि पैसे देण्यापूर्वीची तपासणी क्रमाने पाहू.

१. ‘आझाद व्हिसा’ म्हणजे नेमके काय?

आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कोणत्याही सरकारच्या दप्तरात नाही. आखातात परदेशी कामगार बोलावण्याची जुनी पद्धत कफालतीची आहे. तिथला एखादा नागरिक किंवा कंपनी कामगाराचा जामीन राहते. त्याला कफील म्हणतात. कामगाराने त्याच कफिलाकडे, कागदावर लिहिलेले काम करायचे, असा मूळ नियम.

काही लोक आपल्या नावावर कामगार आणण्याची परवानगी मिळवतात आणि काम न देता ती विकतात. मधला दलाल आपले कमिशन लावून ती आपल्या गल्लीपर्यंत पोहोचवतो. कारागीर तिथे उतरला की कफील त्याला मोकळा सोडतो आणि त्याबदल्यात दरमहा किंवा दरसाल रक्कम घेतो. इकामा, म्हणजे रहिवासाचे कार्ड, नवे करायची वेळ आली की वेगळी रक्कम. याला लोक ‘आझादी’ म्हणतात.

आपण कापडवाले बिल्टीचा नियम जाणतो. ताके कोणी विणले, पैसे कोणी गुंतवले, हे ट्रान्सपोर्टवाला विचारत नाही. बिल्टीवर ज्याचे नाव, माल त्याच्या ताब्यात. आझाद व्हिसात मेहनत तुमची, ग्राहक तुमचा, पण कागदावर नाव कफिलाचे. तो नाराज झाला, किंवा त्याला जास्त पैसे हवे झाले, तर कामगार पळून गेल्याची नोंद तो करू शकतो. सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात. ती नोंद झाली की इकामा निकामी होतो. मग पगार बुडवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला जाणाराच आधी गुन्हेगार ठरतो.

त्यात ‘साइक खास’सारखा पेशा असेल तर आणखी एक अडचण आहे. सौदीत घरगुती कामगारांचे नियम वेगळे आहेत. दुकान किंवा कारखान्यातल्या कामगाराचे बरेच हक्क त्यांना तसेच लागू होत नाहीत. म्हणजे कारखान्यात जरीकाम करणारा माणूस कायद्याच्या नजरेत कारखान्याचा कामगारच नसतो.

२. कायदा काय म्हणतो?

सौदी अरबने २०१३ साली कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमात बदल केला. आपल्या कफिलाखेरीज दुसऱ्याकडे काम करणे, तसेच स्वतःच्या हिशेबाने धंदा करणे, या दोन्ही गोष्टींवर कडक बंदी आली. कागद दुरुस्त करण्यासाठी आधी ३ जुलै २०१३ पर्यंत आणि नंतर ३ नोव्हेंबर २०१३ पर्यंत मुदत दिली गेली. त्या काळात अनेक भारतीयांनी कागद दुरुस्त केले आणि हजारो लोक गाशा गुंडाळून परतले. आझाद व्हिसावर वर्षानुवर्षे बरे चाललेले लोकही त्यांत होते.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे सात अमिरातींत, कामगारांसाठी २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा आहे. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणे किंवा माणूस आणून त्याला काम न देणे, यासाठी २०२४ च्या दुरुस्तीने दंड एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत नेला. हा दंड मालकावर असतो. पण मालकाला एवढा धोका असल्यावर कागद नसलेल्या कारागिराला चांगला मालक दारात उभा करत नाही. जो ठेवतो तो कमी मजुरीत राबवण्यासाठीच ठेवतो.

याच कायद्यानुसार कामगार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवणेही तिथे मान्य नाही.

३. मग खरा स्वतंत्र परवाना कोणता?

ज्याला फ्रीलान्स परवाना म्हणतात, तो अमिरातीत कायदेशीरपणे मिळतो. त्यात कफील नसतो. परवान्यावर तुमचे नाव, तुमचा पेशा, आणि बिलही तुमच्याच नावाने. त्याच्या दोन वाटा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली वाट मुक्त क्षेत्राची. दुबईत प्रसारमाध्यमे, शिक्षण, संगणक तंत्र आणि डिझाइन या कामांसाठी काही मुक्त क्षेत्रे एकट्या व्यावसायिकाला परवाना देतात. दुबई डिझाइन डिस्ट्रिक्ट हे त्यांपैकी एक. फॅशन आणि कापडाचे डिझाइन करणाऱ्यांच्या कामाचे ते ठिकाण आहे. अर्जदाराचा बायोडाटा, केलेल्या कामाचे नमुने आणि पेशानुसार शिक्षणाचे दाखले पाहिले जातात. परवाना मंजूर झाल्यावर त्याच्या आधारे रहिवासी व्हिसा, वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स ओळखपत्र, असा क्रम असतो. परवान्याची फी आणि व्हिसाचा खर्च वेगवेगळा असतो, हे विसरू नये.

दुसरी वाट ‘ग्रीन व्हिसा’ची. ३ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार हा पाच वर्षांचा रहिवासी व्हिसा आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला यासाठी तीन अटी आहेत. एक, तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून स्वयंरोजगाराचा परवाना. दोन, पदवी किंवा विशेष विषयातील पदविका. तीन, मागील दोन वर्षांत स्वतंत्र कामातून वर्षाला किमान ३ लाख ६० हजार दिरहम उत्पन्न, किंवा तिथल्या मुक्कामात स्वतःचा खर्च भागवण्याइतकी ऐपत असल्याचा पुरावा. ३ लाख ६० हजार दिरहम म्हणजे आपल्या रुपयांत ऐंशी लाखांहून अधिक. या व्हिसावर पत्नी आणि मुलांना नेता येते. पंचवीस वर्षांपर्यंतचे मुलगे आणि अविवाहित मुली यात बसतात. मुदत संपल्यावर कागद नीट करायला सहा महिन्यांपर्यंत सवलत मिळते.

बहारीनने २०१७ साली ‘फ्लेक्सी परमिट’ नावाची सोय काढली होती. ज्यांचे कागद बिघडले होते अशा परदेशी कामगारांना कफिलाशिवाय काम करता येई. २०२२ साली ती बंद होऊन तिच्या जागी नोंदणीची दुसरी पद्धत आली. आजही कोणी ‘बहारीनचा फ्लेक्सी’ विकत असेल तर तो बंद पडलेल्या दुकानाची पावती विकतो आहे, असे समजावे.

४. आपल्यापैकी कोणाला हे जमेल?

येथे स्पष्ट बोलणे बरे, कारण खोट्या आशेवरच दलालाचे दुकान चालते.

संगणकावर कापडाचे डिझाइन करणारा, एम्ब्रॉयडरी मशीनची डिझाइने तयार करणारा पदवी-पदविकाधारक, फोटोग्राफर, शिक्षक, भाषांतरकार, संगणकतज्ज्ञ, यांना फ्रीलान्स परवान्याचा विचार करता येईल. ज्याच्याकडे दाखवायला काम आहे, बँकेत हिशेब आहे आणि तिथे ग्राहक आधीच बांधलेला आहे, त्याने नक्कीच करावा.

कटिंग मास्टर, शिंपी, जरीकारागीर, यंत्रमागावरचा जॉबर, सुतार, वेल्डर यांच्यासाठी हा परवाना नाही. त्यांची कला कमी आहे असे मुळीच नाही. पण या परवान्याच्या याद्या मुख्यतः कागद-संगणकावर चालणाऱ्या पेशांच्या आहेत. शिवाय हा एका माणसाचा परवाना आहे. चार कारागीर बसवून अड्डा चालवायचा, दुकान उघडायचे, तर त्यासाठी धंद्याचे लायसन्स लागते. त्यात जागा, भाडेकरार आणि भांडवल आले. एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी मुक्त क्षेत्राबाहेर व्यापारी कंपनी काढताना ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत ही अट उठली. म्हणून “माझ्या ओळखीच्या अरबाच्या नावावर दुकान टाकू” असे कोणी म्हणाला तर आधी विचारावे की आपल्याच नावावर का नको?

५. कागदपत्रांची तयारी

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी पुढील तयारी घरूनच करावी.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पासपोर्ट, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नाव तंतोतंत एक असावे. आपल्याकडे एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर नाहीच, असे सर्रास असते. ही दुरुस्ती आधी करून घ्यावी. नंतर ती फार महाग पडते.

पदवी किंवा पदविकेचे प्रमाणीकरण लागते. महाराष्ट्रातील दाखला आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीकडून आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, असा प्रवास असतो. मूळ दाखला दलालाच्या हाती देण्याआधी छायाप्रती काढून पोचपावती घ्यावी.

कामाचे नमुने नीट लावावेत. कोणासाठी, कोणत्या साली, काय केले, हे प्रत्येक नमुन्याखाली लिहावे. दोन-तीन ग्राहकांची पत्रे त्यांच्या छापील कागदावर घ्यावीत. मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे जोडता आले तर अर्जाला वजन येते. रोखीने धंदा करणाऱ्याचा हात येथे तोकडा पडतो. ज्याची कमाई बँकेत दिसत नाही, ती परदेशी अधिकाऱ्याला दिसणार नाही.

६. खर्चाचा ताळा

परवाना हातात आला म्हणजे पगार सुरू झाला असे नाही. स्वतंत्र माणसाला मालक नसतो, म्हणून पगाराची तारीखही नसते. परवान्याची वार्षिक फी, व्हिसा, ओळखपत्र, आरोग्यविमा, घरभाडे आणि खाणे, हे सर्व ग्राहक असो वा नसो चालूच राहते. दुबईत आरोग्यविमा सक्तीचा आहे. निघण्यापूर्वी किमान सहा महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला हवा आणि तो कर्जाचा नसावा, असे माझे मत आहे. यंत्रमाग घेताना आपण माग चालू होईपर्यंतचा खर्च धरतो, तसाच हा हिशेब.

‘तिथे टॅक्स नाही’ हेही आता अर्धेच खरे आहे. पगारावर आयकर नाही. पण २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि करपात्र उलाढाल वर्षाला ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. २०२३ च्या जूनपासून धंद्याच्या नफ्यावरही कर आला. एकट्या व्यक्तीला तो धंद्याची उलाढाल वर्षाला दहा लाख दिरहमच्या पुढे गेल्यावरच लागतो. लहान कारागिराला याची झळ लागणार नाही, पण बिले मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.

आणखी एक. तिथला सर्वसाधारण रहिवासी व्हिसा सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास रद्द होऊ शकतो. शादी, बाळंतपण, आजारपण म्हणून गावी आलेला माणूस रेंगाळतो आणि व्हिसा गमावतो.

७. आपल्या देशातले नियम

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, जे दहावी पास नाहीत आणि सुटीच्या इतर कोणत्याही यादीत बसत नाहीत, त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद असते. असे लोक सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन यांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी निघाले तर आधी सरकारी मंजुरी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी यंत्रणेतून मिळते. मुंबईतही उत्प्रवासी संरक्षक कार्यालय आहे.

दलाल येथे सोपी युक्ती सांगतो : “भेटीच्या व्हिसावर चला, तिथे बदलून देऊ.” या वाटेने गेलेल्या माणसाचा नोकरीचा करार सरकारच्या नोंदीत नसतो. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. पुढे काही घडले तर वकिलातीलाही आधार धरायला कागद उरत नाही.

नोंदणीकृत भरती एजंटला कामगाराकडून घेता येणारी फी ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच आहे. त्यापेक्षा जास्त मागणारा कायदा मोडतो आहे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेटवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते. ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमाही घ्यावा लागतो. दहा लाख रुपयांच्या या विम्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये आहे. लाखो रुपये दलालाला देणारे लोक हा कागद मात्र घ्यायला विसरतात.

८. परवाना मिळत नसेल तर?

पहिला मार्ग सरळ नोकरीचा. नोंदणीकृत एजंट, लेखी करार, करारात तुमचाच पेशा, पगार आणि कामाचे तास. दोन वर्षे अशी काढली तर बाजार कळतो, ग्राहक कळतात आणि पुढे लायसन्सचा विचार पक्क्या पायावर करता येतो.

दुसरा मार्ग घरी राहून बाहेरचे काम घेण्याचा. डिझाइनचे काम पाठवायला विमानाची गरज नाही. मालाचेही तसेच. भारत आणि अमिरात यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे आपल्या कापड-कपड्यांवरील तिथले ५ टक्के आयात शुल्क उत्पत्ती प्रमाणपत्र जोडल्यास लागत नाही. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो आणि त्याची सरकारी फी अवघी ५०० रुपये आहे. चार-पाच कारागिरांनी मिळून एका नावाने माल पाठवला, पैसा बँकेतून आला, तर तीच खरी आझादी. तिथे बिल्टीवर नाव आपले असते.

९. पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न

एक : व्हिसावर माझा पेशा काय लिहिला आहे? उर्दू वाचणाऱ्याने ‘अल-मेहना’चा रकाना स्वतः वाचावा. इतरांनी वाचता येणाऱ्याकडे न्यावा.

दोन : परवान्यावर नाव कोणाचे? माझे, की कफिलाचे?

तीन : माझा रहिवास रद्द करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे?

चार : मी तिथे जे काम करणार आहे, ते या कागदावर कायदेशीर आहे का? “सगळे करतात” हे उत्तर धरू नये.

पाच : दिलेल्या पैशाची पावती, तारीख आणि सही मिळते का? मिळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

पाचही उत्तरे सरळ आली तर खुशाल पुढे जावे. एक जरी गुळमुळीत आले, तर दुसऱ्या जाणकाराला कागद दाखवल्याशिवाय पैसा देऊ नये.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाला मी लाख रुपये दिले नाहीत. तो नाराज होऊन गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन परत आला आणि आम्ही तिघांनी बसून कागदाची एकेक ओळ वाचली. त्याने जाणे रद्द केले. बयाण्याचे पैसे आजवर परत मिळालेले नाहीत, कारण पावती घेतलेली नव्हती. आईचे दागिने सोडवायला त्याला आठ महिने लागले. आता तो इथल्याच एका निर्यातदाराचे काम अड्ड्यावर करतो आणि दहावीच्या परीक्षेचा बाहेरून फॉर्मही भरला आहे. दुबईला जायचे त्याने सोडलेले नाही. पण जाईन तर माझ्या पेशाच्या कागदावर, असे म्हणतो.